नवं यंत्र कधी घ्यावं?

दसऱ्याच्या दिवसांत म्हैसूरच्या देवराज अरस रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आयुधपूजेला घरात काही नवं यावं, असं कानडी शेजाऱ्यांप्रमाणे तिथल्या मराठी घरांनाही वाटतं. पण ती वस्तू टीव्हीला जोडायचं व्हिडिओ गेमचं यंत्र असेल, तर घरात वाद ठरलेला. धाकटा म्हणतो, ‘बाबा, आत्ताच घेऊ या ना!’ ताई म्हणते, ‘थांब रे, नवं येतंय.’ बरोबर कोण, हे दुकानदारही सांगू शकत नाही, कारण ज्यांना ठाऊक असतं ती कंपनीच गप्प असते.

ही यंत्रं साधारण सहा-सात वर्षांनी बदलतात. प्लेस्टेशन ४ भारतात जानेवारी २०१४ मध्ये आलं, प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये. बदलाची वेळ जवळ आली, की नव्या खेळांची घोषणा कधी करायची हे कंपन्या फार जपून ठरवतात. लवकर सांगावं तर जुन्या यंत्राचं गिऱ्हाईक हात आखडतं, उशिरा सांगावं तर नव्याची हवा होत नाही.

घाईची किंमत ज्याच्या नावानं सांगितली जाते, तो अॅडम ऑस्बॉर्न लहानाचा मोठा झाला तमिळनाडूत, तिरुवन्नामलईला. १९८१ मध्ये त्यानं अमेरिकेत १,७९५ डॉलरचा, उचलून नेता येणारा संगणक आणला. तो हातोहात खपला. पुढच्या मॉडेलचा गवगवा मात्र आधीच झाला, मागणी आटली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. (प्रतिस्पर्ध्यांनीही हातभार लावला होता, हे सहसा कुणी सांगत नाही.)

तेव्हापासून कंपन्या सावध झाल्या, पण त्याचा भुर्दंड ग्राहकाला पडतो. जून २०२० मध्ये सोनीनं प्लेस्टेशन ५ चे खेळ दाखवले, त्यांत ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ होता. साहजिकच मुलांना वाटलं, जुनं यंत्र आता अडगळीत. तोच खेळ प्लेस्टेशन ४ वरही चालेल, हे कंपनीनं सांगितलं सप्टेंबरमध्ये! प्रत्यक्षात तो फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन्हींसाठी आला. उलट ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा प्रौढांसाठीचा खेळ सप्टेंबर २०१३ मध्ये, प्लेस्टेशन ४ जगात येण्याच्या दोनच महिने आधी, जुन्या यंत्रांवर निघाला. नव्या यंत्रांसाठीची आवृत्ती नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. हौशी मंडळींनी एकाच खेळाचे पैसे दोनदा मोजले.

तेव्हा जाहिरातीत दिसलेल्या खेळापायी यंत्र घेऊ नका. खेळ बाजारात येऊ द्या, वेष्टनावर कोणत्या यंत्राचं नाव आहे ते वाचा. आणि मुलाजवळच्या जुन्या डिस्क मोजा. प्लेस्टेशन ५ भारतात आलं तेव्हा डिस्कची सोय असलेलं ४९,९९० रुपयांना होतं, नसलेलं ३९,९९० ला. प्लेस्टेशन ४ चे बहुतेक खेळ त्यावर चालतात, पण दहा हजार वाचवणाऱ्या घरात त्या डिस्क घालायला खाचच नसते.