रबरावरचं विमान बॅटरीवर उडवायचंय? मोटारीआधी वजनकाटा आणा

मोबाईलवर व्हिडिओ दिसतो. काड्यांचं आणि कागदाचं विमान कुणीतरी हातातून सोडतो आणि ते अलगद आभाळात चढतं. ते बघून घरातलं पोरगं किट मागवतं. महिनाभर रात्री जागून चिकटवाचिकटवी होते, रंग लागतो, मित्रमंडळी माळावर जमतात. विमान हातातून सुटतं, नाक वर करतं, क्षणभर थबकतं आणि तिथंच आदळतं. मोटार चांगली होती, बॅटरी फुल्ल होती, रिमोटही नवा होता. मग चुकलं कुठं? बहुतेक वेळा उत्तर एकच असतं. वजन जास्त झालं, नाहीतर ते चुकीच्या जागी बसलं.

किट मुळात कशासाठी बनलं?

ही किट बाल्सा लाकडाची असतात. बाल्साचं झाड दक्षिण अमेरिकेतलं, जगाला सगळ्यात जास्त बाल्सा इक्वेडोर देश पुरवतो. एक घनमीटर बाल्सा साधारण १०० ते २०० किलो भरतं, सागवान त्याच्या तीन-चार पट. सातारा, सांगली, धुळ्याकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात ना, तशा पवनचक्क्यांच्या पात्यांच्या पोटातही अनेकदा हेच लाकूड भरलेलं असतं. हलकं पण ताठ, हा त्याचा गुण.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातली गिलोज ही कंपनी १९२६ पासून अशी विमानं बनवते. त्यांच्या सेस्ना १७० या किटचं उदाहरण घेऊ. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत २४ इंच, म्हणजे दोन फूट. हे विमान रबरावर उडण्यासाठी आहे. नाकापासून शेपटीपर्यंत रबराचा पट्टा लावायचा, प्रोपेलर फिरवून त्याला पीळ द्यायचा आणि सोडून द्यायचं. पीळ संपला की विमान तरंगत खाली येतं. वळवायची सोय नाही, वारा नेईल तिकडं जातं.

रेडिओवर चालणारं विजेचं मॉडेल ब्रिटनमध्ये १९५७ सालीच उडालं होतं. पण तेव्हाच्या बॅटऱ्या आणि मोटारी जड, त्यामुळं एवढ्या छोट्या विमानात ते जमत नव्हतं. लिथियम पॉलिमर, म्हणजे लायपो बॅटरी आणि ब्रशलेस मोटार स्वस्त झाल्यावर दोन फुटी विमानातही हे शक्य झालं.

१०० ग्रॅमचा हिशेब

अशा विमानाचं एकूण वजन १०० ते १२० ग्रॅममध्ये राहिलं पाहिजे. ढोबळ हिशेब असा:

– सांगाडा आणि वरचा कागद: ४५ ग्रॅम
– ब्रशलेस मोटार: १२ ग्रॅम
– ईएससी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट: ६ ग्रॅम
– रिसिव्हर, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग: ४ ग्रॅम
– दोन सर्व्हो, म्हणजे शेपटी हलवणाऱ्या बारक्या मोटारी: ८ ग्रॅम
– दोन सेलची ३०० एमएएच लायपो बॅटरी: २० ग्रॅम
– प्रोपेलर, चाकं, तारा: ५ ग्रॅम

बेरीज १०० ग्रॅम. म्हणून किट उघडल्याबरोबर सोनाराकडं असतो तसा छोटा डिजिटल काटा जवळ ठेवावा आणि प्रत्येक तुकडा तोलावा. गोंद आणि रंग हे चोर आहेत. गोंदाचा थेंब टाचणीच्या टोकानं लावायचा. रंगाचे दोन हात मारले तर बॅटरीएवढं वजन वाढू शकतं.

ताकदीचा हिशेबही सोपा आहे. एक किलो वजनाला साधारण २०० वॅट धरतात, म्हणजे १०० ग्रॅमला २० वॅट. दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची असते. मोटारीनं पावणेतीन अँपिअर घेतले की २० वॅट झाले. एवढी ताकद पुरे. यापेक्षा मोठी मोटार लावली तर वजन वाढतं आणि नाजूक सांगाडा ती पेलत नाही.

बदल कुठं करायचे?

नाक: रबराचा प्रोपेलर काढून तिथं दोन मिलिमीटर प्लायवूडची चकती बसवावी आणि मोटार तिच्यावर स्क्रूनं आवळावी. मोटारीचं तोंड दोन-तीन अंश खाली आणि तेवढंच उजवीकडं झुकवावं. उजवी बाजू म्हणजे विमानात बसलेल्या पायलटची उजवी. असं केलं की मोटारीच्या जोरानं विमान नाक वर करत नाही, डावीकडंही ओढत नाही.

शेपटी: किटमध्ये शेपटी अखंड असते. तिचा मागचा भाग कापून पातळ टेपनं बिजागरीसारखा परत जोडायचा. आडवा पडदा विमान वर-खाली नेतो, उभा पडदा डावी-उजवीकडं वळवतो. सर्व्होपासून पडद्यापर्यंत जाड तार नको, बांबूची तासलेली बारीक काडी चालते.

पंख: दोन्ही टोकं मध्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर उंच ठेवावीत. मग पंखांना वेगळे पडदे लागत नाहीत, उभ्या पडद्यावर विमान वळतं आणि आपोआप सरळही होतं. दोन सर्व्होंचं वजन वाचतं.

पोट: बॅटरी आत-बाहेर करायला झाकण ठेवावं. नाकाला हवा आत यायला भोक आणि मागं त्याच्या दुप्पट मोठं भोक हवा बाहेर जायला. नाहीतर ईएससी तापून हवेतच मोटार बंद पडते.

बैलगाडीची गोष्ट इथंही

बैलगाडीत मागं माल जास्त झाला की गाडी उलाळते, जू वर उचलतं. विमानाचं तसंच आहे. शेपटी लांब असते, म्हणून शेपटीकडं एक ग्रॅम वाढला तर नाकात तीन ग्रॅमच्या आसपास टाकावे लागतात.

तोल बघायची पद्धत अशी. पंखाची रुंदी नऊ सेंटिमीटर असेल तर पुढच्या कडेपासून अडीच ते तीन सेंटिमीटरवर दोन्ही पंखांखाली खूण करायची. सगळं सामान आणि बॅटरी बसवून विमान त्या दोन खुणांवर बोटांनी उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपटी खाली गेली तर उडवायचं नाही. बॅटरी पुढं सरकवून परत बघायचं. शिसं चिकटवून तोल साधणं हा शेवटचा उपाय, कारण ते फुकटचं वजन.

मग मोटार बंद ठेवून, उंच गवतावर, वाऱ्याकडं तोंड करून विमान हलक्या हातानं सोडावं. दहा-पंधरा पावलं ते सरळ तरंगत गेलं, तरच मोटार सुरू करायची.

बॅटरीशी खेळ नको

लायपो बॅटरी मोबाईलच्या चार्जरवर चार्ज करायची नाही. प्रत्येक सेल वेगळा मोजणारा बॅलन्स चार्जरच हवा. ३०० एमएएचला ०.३ अँपिअरचा करंट ठेवावा. भरलेला सेल ४.२ व्होल्ट असतो, तीनच्या खाली गेला की खराब होतो. सरासरी दोन अँपिअर खर्च धरला तर बॅटरी नऊ मिनिटं चालेल, पण सात मिनिटांत उतरवावं.

चार्जिंगला लावून झोपू नये. कडबा, गोणपाट, गादी जवळ नको. मातीच्या कुंडीत किंवा फरशीवर, समोर बसून चार्ज करावं, शेजारी बादलीभर वाळू असावी. बॅटरी फुगली किंवा आपटली तर परत वापरू नये. घरात मोटार तपासताना आधी प्रोपेलर काढावा. छोटा असला तरी तो बोट कापतो.

कुठं उडवायचं, कुठं नाही

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो गटात येतं आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण विमानतळ, लष्करी भाग अशा रेड आणि यलो झोनमध्ये परवानगीशिवाय उडवता येत नाही. झोन आणि नोंदणीची ताजी माहिती केंद्र सरकारच्या अधिकृत पोर्टलवर बघून घ्यावी. जिल्हा प्रशासनाचा बंदी आदेश लागू असेल तर तोही पाळावा लागतो.

मध्यंतरी राज्यात काही भागांत रात्रीच्या ड्रोनमुळं गावकरी घाबरले होते. म्हणून दिवसाच उडवावं आणि पोलीस पाटलांच्या कानावर आधी घालावं. विजेच्या तारा, रस्ता आणि गुरांपासून लांब मोकळं माळरान निवडावं. विमान तारेवर अडकलं तर काठी घेऊन, खांबावर चढून काढायला जाऊ नये. वीज कर्मचाऱ्याला कळवावं. विमान दुसरं बनवता येतं.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचा भाग आहे. पोराला गोडी असेल आणि जवळच्या कॉलेजात हे युनिट असेल, तर तिथं चौकशी करावी. आणि किटची ऑर्डर टाकताना त्याच यादीत एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटाही टाकावा.