आमच्या मोत्याचे दात

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी “चावला, चावला!” ही आरोळी दिवसातून दहादा तरी उठत असे. चावणारा होता जेमतेम दीड महिन्याचा मोत्या. लांब कानांचे, मधाच्या रंगाचे हे कॉकर स्पॅनियल जातीचे पिल्लू बाबांच्या एका स्नेह्यांनी दिलेले. चौथ्याच दिवशी हे महाशय आजीच्या लुगड्याच्या काठाला लोंबकळले आणि तिच्या घोट्यात दात रुतवून बसले. रक्त आले.

आजीने प्रथम धसका घेतला तो पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा. ती जुनी लस आपल्याकडे केव्हाच बंद झाली आहे. आता दंडात, ठरलेल्या दिवशी, चार-पाच वेळा टोचतात. पण पिल्लू घरचे आहे, लहान आहे, म्हणून स्वस्थ बसू नये. पिसाळरोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. आणि पिल्लाला स्वतःला ही लस साधारण तिसऱ्या महिन्यात मिळते, म्हणजे आमचा मोत्या अद्याप बिनलसीचाच होता. आम्ही जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि आजीला रिक्षात घालून दवाखाना गाठला. परत आल्यावर बाबा मला एवढेच म्हणाले, “एक महिना बघतो. नाहीतर ज्यांचा त्यांना परत.”

त्या रात्री मी एक चूक केली. मोत्याने माझे बोट धरताच फाडकन थोबाडीत दिली. तो खाटेखाली गेला, आणि मी हात पुढे करताच प्रथमच गुरगुरला. आधीचे चावणे हा खेळ होता. हे गुरगुरणे भीतीचे होते, आणि ते मी शिकवले होते. आजही आठवले की लाज वाटते.

पिल्लू जगाची ओळख तोंडानेच करून घेते. त्याचे दुधाचे दात अठ्ठावीस, सुईसारखे टोकदार. भावंडांशी खेळताना जोरात चावले की दुसरे केकाटते आणि खेळ मोडते. दात किती रुतवायचे हे ते असे शिकते. आमचा मोत्या पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडलेला. त्याची शाळाच बुडाली म्हणा ना! त्यात स्पॅनियलचा पिढीजात धंदा झुडपांतून पक्षी उठवण्याचा आणि पडलेला पक्षी तोंडात धरून आणण्याचा. वुडकॉक पक्ष्याच्या शिकारीवरूनच ‘कॉकर’ हे नाव पडले. अशा तोंडाला हलता काठ दिसल्यावर ते गप्प कसे बसेल?

केकाटून पाहावे असे पुष्कळजण सांगतात. मी केकाटलो, मोत्याला ती गंमत वाटली आणि तो अधिकच चेकाळला. उपयोग झाला तो उठून जाण्याचा. दात लागले की न ओरडता, न ढकलता खेळ बंद, आणि अर्ध्या मिनिटासाठी मी दाराबाहेर. परतल्यावर हाती गाठ मारलेले, ओले करून बर्फात गारठवलेले फडके द्यायचे. ठणकणाऱ्या हिरड्यांना ते बरे वाटते. आजीची युक्ती निराळी. ती काठ वर खोचून खांबासारखी उभी राही. हलत नाही त्या वस्तूत मोत्याला रस नसे.

अडचण मोत्याची नव्हती, माणसांची होती. आठवडाभर आम्ही नियम पाळावा आणि रविवारी मामांनी येऊन त्याच्या तोंडात बोटे घालून “चाव रे, चाव!” म्हणावे! मामांना सांगायचे कोणी? शेवटी आजीनेच सांगितले.

आणखी एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. तो सर्वांत जास्त चावे तो दिवेलागणीला. आम्हाला वाटे अंगात रग आहे, खेळवून दमवावे. खरे तर तो दमलेलाच असे. एवढ्या पिल्लाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते, आणि आमच्या घरात पाहुण्यांची रीघ. संध्याकाळी पाचला त्याला कोपऱ्यातल्या खोक्यात निजवू लागलो, तेव्हापासून निम्मे रडगाणे थांबले.

महिना भरला तेव्हा चावणे संपले नव्हते. पण दात टेकत, रुतत नव्हते. बाबांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

साडेचार महिन्यांचा असताना केर काढताना आईला तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडला. पक्के बेचाळीस दात यायला सुरुवात झाली होती. आजीने तो दात निरखून पाहिला, “मेल्याने एवढ्याशा दाताने मला रिक्षात बसवले!” म्हणाली, आणि पानाच्या डब्यात ठेवून दिला.