गव्हाच्या बदल्यात तलाव

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचे नीरा डाव्या कालव्याने सरळ दोन भाग केले आहेत. कालव्याच्या खाली, नीरा नदीपर्यंत, बागायत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे साखर कारखाने त्याच पाण्यावर उभे राहिले. कालव्याच्या वर जिरायत. सुपे, लोणी भापकर, शिर्सुफळ, उंडवडी, तिकडे इंदापूरच्या बाजूला लाकडी, निंबोडी. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात पावसाचा भरवसा नाही. एखादं वर्ष ज्वारी-बाजरी साधते, एखादं वर्ष कडबासुद्धा हाती लागत नाही.

हा कालवा मुळात दुष्काळात जन्मला. नीरेच्या पाण्याची पाहणी आधीच झाली होती, आराखडेही बरेच तयार होते. १८७६ चा पाऊस गेला, पुणे जिल्ह्यातली माणसं हातात काम नसल्यामुळे उपाशी राहू लागली आणि त्यांना काम देण्यासाठी खोदाई सुरू झाली. पुढे १८८० च्या दशकात पाणी वाहू लागलं. आज उसाला जे पाणी मिळतं, त्याच्या पहिल्या टिकावामागे भूक होती, हे इथल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवं.

उपाशी माणसाला धान्य द्यायचं, पण त्याच्याकडून काम करून घ्यायचं, ही अट नवी नाही. सरकारं ती पुन्हा पुन्हा घालत आली आहेत. या दोन तालुक्यांनी ती निरनिराळ्या रूपांत पाहिली. कुठल्या रूपात ती अपमान ठरली आणि कुठल्या रूपात हक्क, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिलं रूप १८७७ चं. व्हाइसरॉय लिटनने दुष्काळी खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेम्पल यांना पाठवलं. त्यांनी मजुरीचा जो दर बसवला तो इतिहासात त्यांच्याच नावाने राहिला. दिवसभर खोदकाम करणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर एखादा आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी तेव्हाच बजावलं होतं, की एवढ्यावर कष्ट करणारं शरीर टिकत नाही. निदान दीड पौंड धान्य आणि जोडीला डाळ हवी. शिवाय अंतराची कसोटी होती. काम मुद्दाम लांब ठेवायचं. खरोखर गरजू असेल तोच घरदार सोडून तिथवर चालत येईल, असा हिशेब. म्हणजे काम हे मदतीचं साधन राहिलं नाही, भूक खरी की खोटी हे तपासायची परीक्षा झालं.

लोकांनी ती परीक्षा निमूटपणे दिली नाही. मुंबई इलाख्यात हजारो मजूर दुष्काळी कामं सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या संस्थेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रं पाठवली. उपाशी मजुरांनी मजुरीच्या दरासाठी काम बंद ठेवणं आणि शहरातल्या सुशिक्षितांनी त्यांची बाजू आकड्यांनिशी मांडणं, हे आपल्या सार्वजनिक जीवनातलं फार मोठं पान आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आली आणि दुष्काळात काम पुरवणं ही सरकारची जबाबदारी कागदावर तरी मान्य झाली.

आता नव्वद वर्षं पुढे येऊ. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठची दोन वर्षं देशभर कोरडी गेली. अमेरिकेचा पीएल ४८० चा गहू बोटींनी येत होता आणि रेशनच्या रांगेत मिळत होता. त्यातला काही गहू चर्चच्या मदतसंस्थांमार्फत थेट गावांत पोचत असे. भारतातल्या प्रोटेस्टंट चर्चेसची ‘कासा’ ही संस्था फाळणीच्या निर्वासितांना मदत करण्यासाठी १९४७ साली उभी राहिली होती. बारामतीत ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्टच्या मिशनचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू होतं. १९६७ साली शरद पवार बारामतीतून पहिल्यांदा आमदार झाले. त्यांनी आणि त्यांचे थोरले बंधू, शेतीतले जाणकार डॉ. आप्पासाहेब पवार यांनी ‘कासा’कडून येणारा गहू आणि खाद्यतेल नुसतं वाटून न टाकता त्यातून पाझर तलाव बांधायचे ठरवलं. जिरायत गावांत लोकांनी मातीकाम करायचं, मजुरी म्हणून गहू आणि तेल घ्यायचं. याच कामातून पुढे १९७१ साली बारामतीचा ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र त्याच ट्रस्टचं.

पाझर तलाव हे प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या अटीचं बरंवाईट त्याच्या रचनेतच दडलेलं आहे. ओढ्यावर मातीचा बांध घालायचा. बांधाखाली बेताचाच चर खणायचा आणि तो काळ्या मातीने ठोकून भरायचा; चर कठीण थरापर्यंत नेत नाहीत, म्हणजे पाण्याला बांधाच्या बुडाखालून झिरपायला वाट राहते. आत काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडांची पिचिंग, एका कडेला सांडवा. या तलावाला पाट नसतो, दार नसतं. साठलेलं पाणी जमिनीतच मुरायला हवं. आपला काळा पाषाण वरून अभेद्य वाटला तरी त्यात भेगा असतात, त्यावर मुरमाचा झिजलेला थर असतो. त्यातून पाणी हळूहळू खाली सरकतं आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. एरवी दिवाळीनंतर तळ गाठणारी विहीर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकते. रब्बीच्या ज्वारीला एक-दोन पाणी जास्त मिळतात आणि जिरायतीत तेवढ्यावर घर तरतं.

यंत्रं फारशी नव्हती, ते इथे सोयीचंच ठरलं. टिकाव, फावडं, पाटी-घमेलं आणि माणसं एवढ्यावर असं मातीकाम होऊ शकतं. धान्य दिलं, काम झालं आणि काम संपल्यावर गावात पाणी उरलं. १८७७ च्या कामात मजुराची परीक्षा घेतली जात होती. इथे कामाला स्वतःचा अर्थ होता. मजूर आपल्याच शिवारात राबत होता आणि आपण काय बांधतोय ते त्याला दिसत होतं.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. पाणी विहिरीत उतरतं, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. बांधाच्या खाली जमीन असलेल्याला तलावाचा लाभ वर्षानुवर्षं मिळाला. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याने माती वाहिली आणि त्याला काम चालू होतं तोवर गहू मिळाला. पुढे बागायत वाढल्यावर त्यालाही शेतावर रोज मिळाला असेल, पण मालकी आणि मजुरी यांतलं अंतर बांधाने बुजत नाही. पाझर तलावांचं कौतुक मी मनापासून करतो. तरी बांध घालायच्या आधीच त्या पाण्यात भूमिहीनांचा वाटा ठरवून घ्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खरं तर १९७० पासूनच पाऊस हुलकावण्या देत होता; १९७२ साली त्याने पाठच फिरवली. पुणे, नगर, सोलापूर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद या पट्ट्यात विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलाने गेली. राज्यभर खडी फोडण्याची, रस्त्यांची, नालाबंडिंगची, पाझर तलावांची कामं उघडली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. त्यात बायकांचा वाटा मोठा होता. मुकादमाची हजेरी, मस्टरवरचा अंगठा, आठवड्याचं माप, रेशनवरची लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी, हे शब्द त्या पिढीच्या बोलण्यात अजून येतात. ज्यां द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी पुढे या दुष्काळाचा अभ्यास केला. धान्याची तूट प्रचंड असूनही मोठ्या प्रमाणावर भूकबळी गेले नाहीत, याचं मुख्य श्रेय त्यांनी सार्वजनिक कामांवरच्या रोख मजुरीला दिलं. हातात पैसा आला की बाजारात धान्य खेचून आणता येतं.

त्याच काळात अटीची दिशा उलटी फिरली. हे माझ्या मते महाराष्ट्राने देशाला दिलेलं सर्वांत मोठं देणं आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ पासून सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ साली, रोजगार हमी योजना राज्याच्या ग्रामीण भागात आली. १९७५ साली शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, तो याच योजनेच्या खर्चासाठी. पगाराच्या चिठ्ठीत कापला जाणारा तो कर कशासाठी सुरू झाला, हे कितीजणांना माहीत असेल? १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

कायद्याचा गाभा असा : अकुशल अंगमेहनत करायला तयार असलेल्या ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागितलं, की सरकारने ते १५ दिवसांत द्यायचं. नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा. आता परीक्षा सरकारची होती. काम न देणारा दोषी, काम न मिळालेला नव्हे. कायदा झाला म्हणून सगळं सुरळीत झालं, असं नाही. मापात मारलं जाई, मजुरी आठवडेच्या आठवडे थकत असे, भत्ता तर क्वचितच कोणाच्या हाती पडला. पण भांडायला आधार मिळाला. तहसील कचेरीवर मोर्चा नेणाऱ्या बाईच्या हातात आता कलम होतं.

इंदापूरकरांसाठी या योजनेचं एक पुढचं पाऊल फार मोलाचं ठरलं. १९९०-९१ साली फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. लहान शेतकऱ्याने स्वतःच्याच माळावर खड्डे घ्यायचे, रोपं लावायची, जगवायची आणि त्या कामाची मजुरी योजनेतून घ्यायची. डाळिंब आणि पेरू यांसाठी हा तालुका आज ओळखला जातो. त्या फळशेतीच्या वाढीत ठिबकचा आणि विहिरींचा हात आहे, तसा या धोरणाचाही आहे. ज्याला थोडी तरी जमीन होती, त्याच्यापुरता मालकी आणि मजुरीचा तिढा इथे सुटला.

देशपातळीवर धान्याच्या रूपातली मजुरी २००१ साली पुन्हा आली. संपूर्ण ग्रामीण रोजगार योजनेत दर दिवसाच्या कामाला किमान ५ किलो धान्य आणि उरलेले पैसे रोख. अन्न महामंडळाची कोठारं तेव्हा ओसंडून वाहत होती. २००५ साली राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा झाला. त्याखाली मजुरी रोखीत दिली गेली. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये होता.

रेशन मात्र कामापासून वेगळं झालं, आणि ते योग्यच झालं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरवून दिलं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्यासाठी कोणी हजेरी मागत नाही. ‘फुकट धान्यामुळे शेतात माणूस मिळत नाही’, हे वाक्य बागायती पट्ट्यात पारावर हमखास ऐकू येतं. जरा हिशेब करू. महिना ५ किलो म्हणजे रोज १६६ ग्रॅम. टेम्पलच्या मजुरीच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्यावर कोणी घरी बसून राहत नाही. मजूर मिळत नसेल तर त्याचं कारण रोजाचा दर, कारखान्यातलं काम, शहराची ओढ यांत शोधावं. भाकरीच्या पिठात ते सापडणार नाही.

अमेरिकेत मात्र उलटा प्रवास चालू आहे. तिथे गरिबांना अन्नखरेदीसाठी जी मदत मिळते, तिला १९९६ च्या कायद्याने अट जोडली. मूलबाळ नसलेल्या धडधाकट प्रौढाने महिन्याला ८० तास काम किंवा प्रशिक्षण दाखवावं, नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत मिळेल. तेव्हा ही अट वयाच्या ४९ पर्यंत होती, पुढे ५४ पर्यंत गेली आणि जुलै २०२५ च्या कायद्याने ६४ पर्यंत. ज्यांचं धाकटं मूल १४ वर्षांचं झालं आहे, ते आईबापही त्यात आले. प्रशिक्षणाचे तास कामात धरले जातात, हे बरं. पण ते काम किंवा ती प्रशिक्षणाची जागा देण्याचं बंधन सरकारवर नाही. काम शोधायचं माणसाने, पुरावा द्यायचा माणसाने, कागद चुकला तर ताटही त्याचंच जायचं. १८७७ ची कसोटी आणि ही अट यांत मला फार फरक दिसत नाही. पागेंच्या योजनेत आणि या अटीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर आपल्याकडेही तो धागा आला आहे. २०१९ च्या अखेरीस केंद्राने ‘उन्नती’ प्रकल्प सुरू केला. ज्या घराने आदल्या वर्षी रोजगार हमीवर १०० दिवस भरले, त्या घरातल्या १८ ते ४५ वयाच्या एका माणसाला कौशल्याचं शिक्षण आणि शिकण्याच्या दिवसांची मजुरीइतकी रक्कम. शिकण्यासाठी रोज बुडवावा लागू नये, हा त्यातला शहाणपणा मला फार आवडतो. हातावर पोट असलेल्या माणसाला फुकटचं प्रशिक्षणही महाग पडतं. अडचण वेगळीच होती. १०० दिवस भरायला आधी १०० दिवस काम निघायला हवं होतं, आणि तशी घरं फार थोडी असत.

म्हणून जिरायत गावांतल्या माणसांना एवढंच सांगणं आहे : काम तोंडी मागू नका. ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या आणि तारीख घातलेली पोच घ्या. कायदा कुठलाही असो, १५ दिवसांची मोजणी अर्जावरून सुरू होते. पोच नसेल तर अर्ज कधी दिला हे सिद्ध करता येत नाही आणि भत्त्याचा दावा तिथेच बुडतो. ग्रामपंचायतीने पोच नाकारली तर अर्ज पंचायत समितीत, गटविकास अधिकाऱ्याकडे द्या. पाच-दहा जणांनी मिळून एकत्र अर्ज केला तर तो टाळणं आणखी अवघड जातं.