बेलगाछियाचा बाह्यरुग्ण विभाग आणि फ्रॉइडचा वारसा

कोलकात्यात डमडमच्या पुढचं मेट्रो स्टेशन बेलगाछिया. त्या परिसरातलं आर. जी. कर मेडिकल कॉलेज २०२४ मधल्या अमानुष घटनेमुळे महाराष्ट्रातही घराघरांत माहीत झालं. हीच संस्था कारमायकेल मेडिकल कॉलेज म्हणून ओळखली जात होती तेव्हा, १९३३ साली, डॉ. गिरीन्द्रशेखर बोस यांनी तिथे मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण इस्पितळात असा विभाग देशात पहिल्यांदाच निघत होता. तोवर मनाचा आजार म्हटलं की उंच भिंतींचं वेड्यांचं इस्पितळ, एवढंच लोकांना ठाऊक होतं. ताप-खोकल्याचे रोगी जिथे रांगेत उभे राहतात तिथेच मनाचं दुखणं घेऊन यावं आणि संध्याकाळी आपल्या घरी परतावं, ही सोय बोस यांनी केली. मनोगतिकीय दृष्टिकोनाचा, म्हणजे फ्रॉइडपासून निघालेल्या विचारपरंपरेचा जमाखर्च मांडायला मला व्हिएन्नापेक्षा हा परिसर अधिक योग्य वाटतो. रोग्याचं बोलणं धीराने ऐकायची शिस्त ही या परंपरेची मोठी देणगी आहे. पण ऐकणाऱ्याने लावलेला अर्थ चुकला तर तो चुकला हे कसं कळणार, याचं उत्तर तिने फार उशिरा शोधायला घेतलं. कोलकात्याच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात.

माणसाच्या वागण्यामागे त्याला स्वतःलाही न कळणारे हेतू असतात, बालपणीच्या नात्यांचे ठसे पुढच्या नात्यांत उमटतात, आणि मनातले परस्परविरोधी ओढे दडपले की ते लक्षणांच्या रूपाने वर येतात, ही या विचाराची मूळ मांडणी. बोस यांनी दमनाच्या संकल्पनेवर प्रबंध लिहिला, १९२१ मध्ये त्यांना कोलकाता विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली आणि पुढच्याच वर्षी पार्शीबागान लेनमधल्या त्यांच्या घरी इंडियन सायकोअॅनालिटिकल सोसायटी स्थापन झाली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार १९३७ पर्यंत चालला. या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मतभेद. प्रत्येक इच्छेच्या पाठीशी तिची उलटी इच्छा असते, मारण्याच्या इच्छेत मार खाण्याची इच्छा दडलेली असते, असं बोस म्हणत. लिंगच्छेदाची भीती आपल्या भारतीय रोग्यांत युरोपियनांइतकी ठळक आढळत नाही, उलट स्त्री होण्याची इच्छा पुरुषांत सहज वर येते, हेही त्यांनी कळवलं. फ्रॉइडने ते आदराने वाचलं, पण त्याला ते पुरतं पटलं नाही. समोरच्या रोग्याचं ऐकून गुरुस्थानी असलेल्या माणसाला ‘इथे असं दिसत नाही’ असं सांगणं सोपं नव्हतं. वसाहतीतल्या एका डॉक्टरने ते केलं, याचं श्रेय ऐकण्याच्या शिस्तीला द्यायलाच हवं.

मात्र इथेच अडचण सुरू होते. फ्रॉइड बरोबर की बोस, हे ठरवायचं कसं? दोघांकडे आपापले रोगी होते आणि आपापली टिपणं होती. रोग्याने होकार दिला तर अर्थ बरोबर, नकार दिला तर तो मनाचा प्रतिकार, असं म्हणण्याची मोकळीक असली की कोणताच अर्थ खोटा ठरत नाही. कार्ल पॉपरचा आक्षेप नेमका हाच होता. त्याचा पुरावा लांब शोधायला नको. सोसायटीच्या पंधरा संस्थापकांपैकी एक असलेले ओवेन बर्कले-हिल रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. १९२१ मध्ये त्यांनी हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचं मूळ शौचाशी निगडित बालपणीच्या वासनेत शोधणारा लेख प्रसिद्ध केला. खाटेवरच्या रोग्यासाठी घडवलेलं हत्यार त्यांनी अख्ख्या समाजावर चालवलं, आणि त्यांना चूक ठरवेल अशी कसोटी त्या शास्त्राकडे नव्हती. पुढे अमेरिकेत स्किझोफ्रेनिया आणि आत्ममग्नता यांचा दोष आयांच्या माथी मारला गेला, तोही याच वाटेने. त्या आयांनी भोगलेल्या अपराधीपणाची भरपाई कोणत्याही शास्त्रीय दुरुस्तीने होण्यासारखी नाही.

मग हे सगळं मोडीत काढावं का? उपचाराच्या पुराव्याकडे पाहिलं तर मला तसं म्हणवत नाही. हान्स आयसेंकने १९५२ मध्ये, उपचार न घेताही सुमारे दोन तृतीयांश रोगी सुधारतात, असं म्हणून खळबळ उडवली होती. त्याचे आकडे वादग्रस्त ठरले, पण त्या धक्क्याने मोजमाप सुरू झालं हे चांगलंच झालं. अॅमस्टरडॅममध्ये नैराश्याच्या ३४१ रोग्यांना सोळा बैठकांची विचार-वर्तन उपचारपद्धती किंवा अल्पकालीन मनोगतिकीय उपचार देण्यात आला. २०१३ च्या अहवालात दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. पूर्ण बरे झालेले मात्र दोन्ही गटांत चौथ्या हिश्श्याहून कमी, हेही सांगायला हवं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा २०१५ चा अभ्यास अधिक बोलका आहे. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या १२९ रोग्यांपैकी काहींना नेहमीच्या उपचारांसोबत अठरा महिने दीर्घ मनोगतिकीय उपचार मिळाले. उपचार संपले तेव्हा दोन गटांत फारसं अंतर नव्हतं. बेचाळीसाव्या महिन्यात मात्र, तीव्र नैराश्याच्या निदानात न बसणारे या गटात ४४ टक्के होते आणि नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या गटात १० टक्के. उपचार थांबल्यावरही आत काही घडत राहतं, हा जुना दावा इथे निदान मोजायला तरी मिळतो. अर्थात यावरून बालपणाचे सगळे सिद्धान्त खरे ठरत नाहीत. औषध लागू पडलं म्हणून वैद्याची रोगाबद्दलची समजूत बरोबरच, असं होत नाही.

मराठी वाचक विचारेल, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धती रुजवली, ती आटोपशीर आहे, शिकवता येते. मग हा लांबचा रस्ता कशाला? प्रश्न रास्त आहे. बोस यांनी फ्रॉइडशी जशी पत्रातून चर्चा केली तशीच फडके यांनी एलिसशी केली, आणि त्यातून मराठीला थेट वापरता येईल असं काही मिळालं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातले १० टक्क्यांहून अधिक प्रौढ मानसिक विकारांनी ग्रस्त होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचत नव्हते. अशा देशात आठवड्याला अनेक बैठका, वर्षानुवर्षं, हा पहिला उपाय असूच शकत नाही. उपचार न पोचण्याचं टोक तुरुंगांत दिसतं. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना पश्चिम बंगालच्या तुरुंगांत ठेवलं जात होतं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ते बेकायदा ठरवलं. तरीही डमडमच्या मध्यवर्ती कारागृहातून एक नेपाळी कच्चा कैदी मार्च २०२१ मध्ये सुटला तो चार दशकांनी. मानसिक अवस्थेमुळे त्याचा खटलाच पुरा झाला नव्हता. अशा माणसाला आधी हवा असतो डॉक्टर, वकील आणि घरचा पत्ता शोधून देणारा कुणीतरी. पण त्याच्याशी त्याच्या भाषेत कुणी तासभर बसून बोललं असतं, तर घरचा पत्ता इतकी वर्षं हरवून राहिला असता असं मला वाटत नाही. बोस यांच्या परंपरेतला हा भाग घ्यायला सोफा लागत नाही की लांबलचक प्रशिक्षणही. तुरुंगातल्या आणि सरकारी इस्पितळांतल्या समुपदेशकांना तो शिकवता येईल. दीर्घ उपचार मात्र, टॅव्हिस्टॉकच्या आकड्यांकडे पाहता, औषधं आणि सोळा बैठका या दोन्हींनी ज्यांचं भागलं नाही त्यांच्यासाठी राखून ठेवावेत.