हवाई टेहळणी पथकांची स्मृतिचिन्हे

शत्रुप्रदेशावरून उड्डाण करून छायाचित्रण व निरीक्षण करणाऱ्या लष्करी विमानपथकांच्या गौरवार्थ तयार केलेली, कापडावर भरतकाम केलेली चिन्हे. ती वैमानिकांच्या उड्डाणवेशावर छातीशी वा बाहीवर लावतात. पथकाच्या अधिकृत बोधचिन्हास शासनाची मान्यता लागते. स्मृतिचिन्ह मात्र एखादी मोहीम, विशिष्ट विमान किंवा विसर्जित पथक यांची आठवण म्हणून पथकातील माणसे बहुधा स्वतःच करवून घेतात.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) विमानांच्या अंगावर पथकाचे चित्र रंगविण्याची प्रथा रूढ झाली. ब्रिटिश हवाई दलात १९३६ पासून अशा चिन्हांना राजसंमती मिळू लागली. तेथील १३ क्रमांकाच्या पथकाच्या चिन्हात खंजिरासमोर लिंक्स या तीक्ष्ण नजरेच्या रानमांजराचे मुख असून, ‘पाहून साहाय्य करतो’ अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद आहे. टेहळणी पथकांच्या चिन्हांत मांजर, वटवाघूळ यांसारखे निशाचर प्राणी आणि डोळा वारंवार आढळतात. कारण अंधारात, स्वतः न दिसता पाहणे हेच त्यांचे काम होय.

एसआर-७१ हे अमेरिकी विमान १९६८ पासून ओकिनावा बेटावरील काडेना तळावरून मोहिमांवर जाऊ लागले. त्याचा काळा, लांबट आकार पाहून स्थानिक लोकांनी त्यास ‘हाबू’ या तेथील विषारी सापाचे नाव दिले. हाबूचे चिन्ह प्रत्यक्ष मोहीम पार पाडलेल्या वैमानिकासच लावता येई. त्यामुळे ते केवळ सदस्यत्वाचे नव्हे, तर अनुभवाचे द्योतक ठरले.

तैवानच्या ३५ व्या अर्थात ‘काळे मांजर’ पथकाने १९६१ ते १९७४ या काळात यू-२ विमानांतून चीनवर टेहळणी केली. लाल वर्तुळातील काळ्या मांजराचे मुख आणि पिवळे डोळे असलेले त्याचे चिन्ह चेन ह्वाय-शेंग या वैमानिकाने रेखाटले. ९ सप्टेंबर १९६२ रोजी चीनवर पाडले गेलेले या पथकाचे पहिले विमान त्यांचेच होते. त्यात त्यांचा मृत्यू झाला. १९६७ पर्यंत अशी पाच विमाने पाडली गेली. जिवंत सापडलेल्या दोघांना चीनने १९८२ मध्ये मुक्त केले. परंतु तैवानने त्यांना १९९० पर्यंत मायदेशी प्रवेश दिला नाही. ज्या कामाची उघड कबुली राज्यसंस्था देत नाही, त्याची नोंद अनेकदा प्रथम अशा कापडाच्या तुकड्यावरच उमटते.

भारतीय हवाई दलात कॅनबेरा विमानांतून छायाचित्रण करणारे १०६ क्रमांकाचे पथक ‘लिंक्स’ या नावानेच ओळखले जाते. त्यातील जगमोहन नाथ यांना १९६२ व १९६५ अशा दोन वेळच्या कामगिरीसाठी महावीर चक्र मिळाले. मिग-२५ विमाने वापरणारे १०२ क्रमांकाचे पथक ‘ट्रायसॉनिक्स’ म्हणून प्रसिद्ध होते. ही विमाने २००६ मध्ये, तर कॅनबेरा २००७ मध्ये निवृत्त झाली.

पथक विसर्जित झाल्यावर जुन्या सैनिकांच्या मेळाव्यांसाठी चिन्हांच्या नव्या आवृत्त्या निघतात. संग्राहकांच्या मागणीमुळे नकलाही होतात. म्हणून मूळ चिन्ह ओळखताना भरतकामाची पद्धत, कडेची शिवण, मागील अस्तर आणि वापराच्या खुणा एकत्रितपणे तपासतात. मूळ धारकाचे निवेदन सोबत असल्यास त्याचे ऐतिहासिक मोल वाढते.