एका रात्रीचं भाडं ठरतं कुठे?

२००७ च्या ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्कोत डिझायनरांची मोठी परिषद भरली आणि हॉटेलं फुल्ल झाली. ब्रायन चेस्की आणि जो गेबिया या दोन डिझायनर मित्रांनी आपल्या घरात हवेच्या गाद्या टाकल्या. रात्रीचे ८० डॉलर. पहिल्या तीन पाहुण्यांत होता अमोल सुर्वे, अमेरिकेत डिझाइन शिकणारा भारतीय विद्यार्थी. घरं-खोल्या रात्रीपुरत्या भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीची सुरुवात ही अशी. पुढे २००९ मध्ये न्यूयॉर्कमधलं बुकिंग हलेना, तेव्हा हे मित्र कॅमेरा भाड्याने घेऊन यजमानांच्या दारात गेले आणि स्वतः फोटो काढले. तिथलं उत्पन्न दुप्पट झालं.

आमच्या धंद्यात हा किस्सा प्रत्येकाला पाठ असतो. त्यातून बहुतेक मालक एवढंच घेतात, की फोटो चकाचक हवेत. बनशंकरीत घरं पाहुण्यांसाठी तयार करून देताना मी याच समजुतीशी भांडत आलो आहे.

बनशंकरी म्हटलं की मराठी माणसाला बदामीची कुलदेवता आठवते. बेंगळुरूचा हा भागही त्याच देवीच्या नावाचा. कनकपुरा रोडवरच्या तिच्या देवळात राहुकाळात पूजा होते, लिंबाच्या सालीत दिवे लागतात. २०१७ मध्ये मेट्रोची ग्रीन लाइन इथे पोचली आणि शहराच्या मध्यावरचं मॅजेस्टिक थेट जोडलं गेलं. दर्शनाला येणारी कुटुंबं, मुलाकडे आलेले आईवडील, ऑफिसच्या कामाला आलेली माणसं, सगळ्यांना दोन-चार रात्रींपुरतं घर हवं असतं. इथली बरीच घरं ‘थर्टी-फॉर्टी’च्या साइटवरची. तीस फूट बाय चाळीस फूट, बहुतेकदा तिन्ही बाजूंना शेजारी. उजेड आणि हवा यायची कुठून, हाच खरा प्रश्न.

सेकंड स्टेजमधल्या अशाच एका जुन्या घराच्या मालकीणबाई मूळच्या बेळगावच्या. वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. फॉल्स सीलिंग, वॉलपेपर आणि रेड ऑक्साइडच्या लाल जमिनीवर नव्या टाइल्स, असा बेत त्यांनी आधीच पक्का केला होता. मी म्हटलं, “काकू, ही जमीन झाकू नका. असं काम करणारे गवंडी आता शोधून सापडत नाहीत.”

“अहो, पण जुनं दिसतंय की ओ ते!”

शेवटी जमिनीला मेणाचं पॉलिश केलं आणि टाइल्सचे पैसे जिन्यावर आभाळाकडे काच बसवण्यात घातले. फॉल्स सीलिंग रद्द केलं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, वर्षातले बरेच महिने रात्री पंख्यावर भागतं. छत खाली आणलं की हवा कोंडते, तीच खोली एसी मागते, आणि विजेचं बिल भाड्यातूनच जातं. मागच्या बेडरूमला शेजारच्या स्वयंपाकघराची भिंत लागून होती. पहाटे कुकरची शिट्टी थेट उशाशी. समोरचा क्रॉस रोड शांत असल्याने हॉल आणि बेडरूमची अदलाबदल केली. या शेवटच्या बदलाला जवळजवळ काहीच खर्च आला नाही. पाहुण्यांनी मात्र अभिप्रायात लिहिलं ते लाल जमिनीबद्दल आणि शांत झोपेबद्दल. काकूंनी रेट वाढवला आणि मागणी ओसरल्यावर आसपासचे भाव पडले, तरी त्यांना तो उतरवावा लागला नाही.

फोटोचं मोल मी नाकारत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी एअरबीएनबीवरची घरं तपासली, तेव्हा व्यावसायिक फोटो असलेल्या घरांचं बुकिंग सुमारे ९ टक्क्यांनी जास्त निघालं. पण फोटोने खोटं बोलू नये. एका मालकांनी वाइड अँगल लेन्सने दहा बाय अकराची खोली दिवाणखान्यासारखी दाखवली. बुकिंग धडाधड आलं. मात्र पाहुणा आल्यावर वर्णन खरं होतं का, यालाही वेगळे तारे देतो. ते घसरले आणि मालकांना भाव पाडावा लागला.

आणखी एक जागा फोटोत कधीच दिसत नाही: नळ. सोलरची टाकी गच्चीत आणि बाथरूम मजल्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी वाया जातं. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाई सोसलेल्या शहरात हे परवडणारं नाही. पाइपला उष्णतारोधक वेष्टन आणि बाथरूममध्ये छोटा इन्स्टंट गिझर, एवढ्यावर तक्रार मिटते.

म्हणून नव्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं असतं: सजावटीचं सामान आणण्याआधी त्या खोलीत स्वतः एक रात्र झोपा. उशाशी कुठला आवाज येतो, पहाटे उजेड कुठून शिरतो, गरम पाण्याला किती वेळ लागतो, सगळं लिहून ठेवा. पैसे आधी त्या यादीवर खर्च करा, मग पडदे-उशांवर, मग फोटोंवर. रेट सगळ्यात शेवटी ठरवा. तो उतरवायची वेळ क्वचितच येईल.