एका दांड्याची येझडी

वाघ आणि कोळसा सोडून चंद्रपूरचं काहीही आणा, असं संपादकांनी बजावलं होतं. म्हणून मूल रोडवरच्या एका टिनाच्या शेडखाली जाऊन बसलो. इथले मिस्त्री जुन्या येझडी मोटारसायकली उघडतात, एवढंच कानावर होतं. समोर लाकडी ठोकळ्यावर जे इंजिन होतं, ते अहेरीकडून टेम्पोत आलेल्या गाडीचं. मालकाच्या वडिलांनी ती तेंदूपत्त्याच्या फळ्यांवर फिरवली, मग ती बरीच वर्षं गोठ्यात पडून होती. तक्रार नेहमीची: ओढत नाही आणि धूर फार.

इतिहास थोडक्यात उरकतो. जावा ही मूळची चेक कंपनी, १९२९ सालची. इराणी कुटुंबाच्या आयडियल जावाने १९६१ पासून म्हैसूरला त्यांच्या गाड्या बांधल्या, १९७३ पासून त्यांना येझडी नाव दिलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझडी २०२२ साली बाजारात परतलं, पण ती इंजिनं फोर-स्ट्रोक. ठोकळ्यावरच्या या अडीचशे सीसी टू-स्ट्रोकला त्याचा काय उपयोग!

मला खिळवून ठेवलं ते हिच्या डाव्या अंगाच्या दांड्यानं. किकही तोच, गिअरही तोच. आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा पुढे पाडला की गिअर. एवढ्यावर भागत नाही. गिअर टाकायला पायानं दांडा हलवला, की त्याच्या शाफ्टवरचा कॅम आतल्या आत क्लचही दाबतो. हाताचा लिव्हर न ओढता गिअर पडतो. चिखलात एका हातानं पोतं सावरणाऱ्याला याहून मोठं सुख नसेल. पण म्हणूनच या क्लचला दोन मालक आहेत, हात आणि पाय, आणि दोघांचं जमवून द्यावं लागतं. कव्हरातला स्क्रू जास्त आवळला तर प्लेटा कायम थोड्या सुटलेल्या राहतात आणि क्लच घसरतो. सैल ठेवला तर क्लच पुरता सुटत नाही, गिअर करकरतो आणि पायाचा क्लच नावापुरता उरतो.

“आधी स्क्रू, मंग केबल. लोकं उलटं करते जी,” मिस्त्री म्हणाले. केबल ओढून ओढून स्क्रूची चूक झाकलेली गाडी त्यांना लिव्हर हातात घेताच कळते.

ओढत नाही म्हणजे नेमकं काय, हे शोधण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. चंद्रपूर शहरात चढ म्हणजे रेल्वेवरचा उड्डाणपूल. टॉप गिअरमध्ये पुलावर चढताना मूठ पिळायची. इंजिन किंचाळलं आणि गाडी तिथल्या तिथेच, तर क्लच. इंजिनच दबलं, तर क्लचला हात लावू नका; पॉइंट, टायमिंग, रिंगा पाहा, आणि त्याआधी सायलेन्सर. टू-स्ट्रोकचा कार्बन त्यात साचून इंजिनाचा श्वास कोंडतो.

अहेरीच्या गाडीत मात्र दोन्ही रोग होते. क्लचच्या कॉर्क प्लेटा गोठ्यातल्या वर्षांत एकमेकींना चिकटल्या होत्या. मिस्त्रींनी त्या पात्यानं अलगद सोडवल्या, काचेसारखी गुळगुळीत झालेली एक बाजूला फेकली आणि बदली प्लेट रात्रभर तेलात भिजत घातली. कोरडा कॉर्क बसवला तर जळतो.

धुराचं उत्तर क्रँकच्या टोकांशी होतं. क्रँकला दोन्ही बाजूंना ऑइल सील असतं आणि ती दोन सीलं अगदी उलटी लक्षणं दाखवतात. क्लचकडचं गेलं की क्रँककेस गिअरबॉक्सचं तेल ओढून घेते: पांढरा धूर संपत नाही, प्लग ओला होतो, तेलाची पातळी उतरते. डायनॅमोकडचं गेलं की तेलाऐवजी हवा आत येते. मिश्रण पातळ होतं, मूठ सोडली तरी इंजिन खाली बसत नाही आणि तापून पिस्टन धरतं. धुराला घाबरून गिऱ्हाईक येतं. हवेच्या गळतीत धूर नसतो, म्हणून ते गाडी तशीच पळवतं, आणि बोअर खरवडून बसतं. इथं डावं सील फाटलं होतं, उजवं कडक होऊन बसलं होतं.

सीलं नवी टाकली तर काम संपायला हवं होतं. पण क्रँक हातानं वरखाली हलवला तर खेळ लागला. बेअरिंग खाल्लेली. नवं सील डगमगत्या शाफ्टवर किती दिवस टिकणार? बेअरिंगसाठी केस फोडायची, केस फोडली की कनेक्टिंग रॉडची ढिलाई दिसते आणि रॉडसाठी क्रँक प्रेसवर सोडवून पुन्हा सरळ बसवावा लागतो. ते काम मिस्त्री नागपूरला पाठवतात. तिकडचा जुना कारागीर आता रोज दुकानात येत नाही. सुट्या भागांची रडकथा वेगळीच: बाजारातल्या नकली कॉर्क प्लेटा जाडीत एकसारख्या नसतात. मिस्त्री डब्यातून चार काढून काचेवर घासून एक निवडतात.

त्यात पेट्रोल बदललं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवा कमी लागते, म्हणजे कार्बुरेटरच्या जुन्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ. मे महिन्यात इथं पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अशा उन्हात आलापल्लीपर्यंत जायचं तर जेट वाढवायला हवा. उभ्या गाडीच्या टाकीत ओल शिरली की इथेनॉल पाण्यासोबत तळाला बसतं, आणि टू-टी ऑइल पेट्रोलसोबत वर राहतं. गाडी वापरात ठेवणं हाच त्यावर उपाय, आणि हौसेच्या गाड्या तर उभ्याच असतात.

मालकाचा फोन आला तेव्हा खर्चाचा आकडा ऐकून तो पलीकडे गप्प झाला. मग त्यानं विचारलं, पायाचा क्लच काढून साधा हाताचाच ठेवला तर स्वस्त पडेल का?

“काढनं तं दहा मिनटाचं काम हाय,” मिस्त्री म्हणाले, “पन मंग येझडी कायची?” तरी त्यांनी भाव कमी केला. आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण राहिलंय, ते मालकानं करायचं ठरलं. क्रँक सोमवारच्या एसटीनं नागपूरला जाईल.